मुलांच्या मनासाठी वर्गणी: ठरावापासून ताळेबंदापर्यंत

बारावीचा नाहीतर नीटचा निकाल लागला की कुठून ना कुठून वाईट बातमी येतेच. चार दिवस हळहळ होते, व्हॉट्सअ‍ॅपवर श्रद्धांजली फिरते आणि मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आपणही काहीतरी केलं पाहिजे." या 'काहीतरी'चं पुढे बहुतेक ठिकाणी एक व्याख्यान होतं. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मागे भलामोठा फ्लेक्स, समोर शाळेने रांगेत आणून बसवलेली मुलं. पैसे खर्च होतात, फोटो छापून येतो आणि ज्याला बोलायचं होतं तो मुलगा न बोलताच घरी जातो.

मी मंडळाचं खजिनदारपद सांभाळलंय. पैसे कसे जमतात आणि कसे विरघळतात, दोन्ही पाहिलंय. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी वर्गणी काढायची असेल तर ती प्रशिक्षित माणसाचे तास विकत घेण्यासाठी काढा, आणि किमान तीन वर्षांसाठी काढा. एवढी तयारी नसेल तर वर्गणी काढूच नका. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या आणि मेसच्या भिंतीवर लावा. तेही चांगलं काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा निःशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

आधी ठरवा: पैसा कुणासाठी?

वर्गणी काढणारे डोळ्यांसमोर शाळा-कॉलेजची मुलं धरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ सालचे आकडे बघा. देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात विद्यार्थी १३,०४४. महाराष्ट्रात २२,७४६, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त, आणि त्यात विद्यार्थी १,७६४. पण १८ ते ३० या वयोगटाचा वाटा देशात एक तृतीयांशाहून अधिक होता. म्हणजे तरुण पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे कुठल्याही वर्गात बसलेले नाहीत. दुकानात काम करणारा पोरगा, पार्सल पोचवणारा, लग्न होऊन नवीन गावात आलेली एकोणीस वर्षांची मुलगी, चौथ्यांदा एमपीएससी देणारा आणि घरी 'यंदा होईल' असं सांगणारा. शाळेत कार्यक्रम घेऊन यांच्यापर्यंत पोचता येत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे आणि वर्गणीदाराच्या पैशाशी तिचा थेट संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे, आणि यात खासगी क्लासही येतात. त्यामुळे लाखाच्या घरात फी घेणाऱ्या क्लासमध्ये गल्लीतल्या वर्गणीतून समुपदेशक बसवणं म्हणजे क्लासचालकाचा खर्च आपण उचलणं. त्यांना त्यांची जबाबदारी लेखी पत्राने आठवून द्या, आणि आपला पैसा जिथे कुणीच जबाबदार नाही तिथे न्या. पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिका, लातूरमध्ये घरमालकांनी भाड्याने दिलेल्या चार-चार पोरांच्या खोल्या, जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा, औद्योगिक वसाहतीशेजारच्या वस्त्या.

कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तीन उपाय तपासले होते: शिक्षकांना प्रशिक्षण, प्रश्नावली देऊन मुलांची चाचणी, आणि मुलांनाच छोट्या गटांत भूमिका-नाट्य नि चर्चेतून मनाविषयी बोलायला शिकवणं. वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न ठळकपणे कमी झालेले दिसले ते तिसऱ्या उपायात. नुसत्या शिक्षक-प्रशिक्षणाने किंवा नुसत्या चाचणीने तसा फरक दिसला नाही. आपल्याकडे बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत गोव्याच्या 'संगथ' संस्थेने असाच प्रयोग केला. शाळेत फक्त याच कामासाठी नेमलेला, डॉक्टर नसलेला पण प्रशिक्षित समुपदेशक असेल तर शाळेचं वातावरण आणि मुलांची मनःस्थिती सुधारली; तेच काम शिक्षकांवर सोपवलं तेव्हा सुधारणा दिसली नाही. शिक्षकांना दोष द्यायचं कारण नाही. निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंत सगळं त्यांच्याच माथी असतं.

यातून गल्लीतल्या निधीसाठी निघणारा अर्थ सोपा आहे: वेगळा माणूस, ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि मुलांचे छोटे गट. 'सर्व मुलांची मानसिक तपासणी' या नावाखाली शिबिर घेऊ नका. चाळीस मुलं 'धोक्यात' निघाली तर पुढे त्यांना कुणाकडे पाठवणार, याचं उत्तर बहुतेक आयोजकांकडे नसतं.

ग्रामीण भागात आणखी एक कल्पना हमखास निघते, ती म्हणजे शेतीच्या औषधांसाठी घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटायच्या. ऐकायला पटते. श्रीलंकेत १८० गावांत हे करून पाहिलं, निष्कर्ष २०१७ मध्ये आले, आणि पेट्यांनी फरक पडलेला दिसला नाही. श्रीलंकेत आकडे उतरले ते सरकारने सर्वांत जहाल रसायनांवर बंदी घातल्यावर. म्हणजे हे काम वर्गणीचं नाही, धोरणाचं आहे. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवा, पेट्यांवर पैसे घालू नका.

अंदाजपत्रक कसं दिसेल? समजा, समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस, चार-चार तास बसणार. मानधन महिन्याला १६,००० रुपये धरा. त्याच्या कामावर देखरेख ठेवायला, अवघड प्रकरणांत सल्ला द्यायला ज्येष्ठ तज्ज्ञ लागतो, त्याचे ४,०००. मुलांना जिल्हा रुग्णालयात जायचं-यायचं भाडं आणि अडीअडचणीला ५,०००. फोन, छपाई, किरकोळ १,०००. महिन्याला २६,०००, वर्षाला ३,१२,०००, तीन वर्षांचे ९,३६,०००. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पण मांडणी हीच ठेवा. देखरेखीचे चार हजार वाचवायचा मोह होतोच. तो टाळा, एकट्याने ऐकत राहिलेला समुपदेशक सहा महिन्यांत थकतो आणि काम सोडतो. औषधांसाठी वेगळी रक्कम मुद्दाम धरलेली नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळतात. मुलाची अडचण असते ती तिथपर्यंत जायची, आणि सोबत यायला कुणी नसण्याची.

माणूस निवडताना

'काउन्सेलर' अशी पाटी आज कुणीही लावू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. क्रमांक मागा, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. समुपदेशकाकडे मानसशास्त्रातली किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि देखरेखीखाली काम केल्याचा अनुभव बघा. 'मी स्वतः डिप्रेशनमधून बाहेर आलोय' हा अनुभव मोलाचा आहे, पण तेवढ्यावर नेमणूक होत नाही. 'ध्यानाने सगळं बरं होतं, गोळ्या बंद करा' असं सांगणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार करा.

त्याहून बरं म्हणजे आधीपासून हे काम करणाऱ्या संस्थेशी करार करणं. ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' १९९० पासून काम करते आहे. पुण्यात 'कनेक्टिंग ट्रस्ट' याच विषयावर काम करतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही हेल्पलाइन आहे. तुमच्या जिल्ह्यात अशी संस्था नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला भेटा. समुपदेशक तुमचा, अवघड रुग्ण त्यांच्याकडे, अशी लेखी व्यवस्था झाल्याशिवाय पावती पुस्तक छापायला देऊ नका.

कागदपत्रं

हा भाग रटाळ आहे, पण इथे चुकलेली मंडळं मी पाहिलीत, त्यामुळे वाचाच.

बैठक बोलवा, ठराव करा, इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घ्या. ठरावात उद्देश स्वच्छ लिहा: 'परिसरातील १४ ते ३० वयोगटातील व्यक्तींसाठी समुपदेशन सेवा'. मुदत तीन वर्षं आणि शेवटी उरलेले पैसे कुणाला, हेही त्यातच लिहा. 'समाजकार्य' असं मोघम लिहिलं की पुढच्या वर्षी त्यातून ढोल-ताशा पथकाचे टी-शर्ट निघतात.

तुमचं मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणी काढण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवासाठी आपण घेतो तीच. पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, ठराव, मागचे हिशेब जवळ ठेवा. उत्सवाच्या परवानगीवर वर्षभराचा निधी जमवू नका. उद्देश वेगळा आहे, अर्जही वेगळा करा.

बँक खातं वेगळं, आणि तिघा पदाधिकाऱ्यांपैकी दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं. क्यूआर कोड त्या खात्याचाच. अध्यक्षांच्या फोनवरचा कोड 'तात्पुरता' लावला तर तो कायमचा होतो, आणि मग अध्यक्षांच्या घरच्या किराण्याची बिलं नि तुमची वर्गणी एकाच विवरणपत्रात दिसायला लागतात. पावती पुस्तकांना अनुक्रमांक हवा, स्थळप्रत हवी, कोणतं पुस्तक कुणाकडे याची नोंद हवी, आणि संपलेलं पुस्तक परत आल्याशिवाय नवीन मिळणार नाही हा नियम हवा.

करसवलतीबद्दल लोक विचारतील. 'ऐंशी जी'ची पावती फक्त तशी नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते, त्यामुळे साध्या मंडळाने तसं आश्वासन देऊ नये. शिवाय २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर सवलत नाही, आणि नवीन करप्रणालीत ही सवलतच नाही. पगारदार मंडळी मोठ्या प्रमाणावर नव्या प्रणालीत गेलीत; करसवलतीचं आमिष आता पूर्वीइतकं चालत नाही. मला विचाराल तर बरंच झालं, कामाबद्दल बोलायला वेळ मिळतो.

परदेशातल्या गाववाल्यांचा उत्साह मोठा असतो आणि घोळही तिथेच होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण ज्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलंय तो, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आपलं सरकार देतं ते) असलं तरी, कायद्याच्या नजरेत परदेशी स्रोत आहे. तिथलं महाराष्ट्र मंडळही तसंच. परदेशी अंशदान कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय हे पैसे घेता येत नाहीत, आणि नोंदणी असलेल्या संस्थेलाही ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावे लागतात. तेव्हा तिकडच्या मित्राला सरळ सांगा: "भाऊ, आम्हाला नको पाठवूस. ज्या संस्थेशी आमचा करार आहे तिची नोंदणी आहे, तिकडे दे."

पैसे कसे जमवायचे

माझा सगळा भर मासिक वर्गणीवर आहे. महिन्याला २०० रुपये देणारी १३० घरं मिळाली की वरचं २६,००० चं अंदाजपत्रक सुटलं. यूपीआय ऑटोपे लावता येतो. ज्येष्ठांना तो नको असतो, त्यांच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जा. त्या फेरीचा एक फायदा हिशेबात दिसत नाही: वस्तीतल्या १३० घरांची दारं दर महिन्याला या विषयावर उघडतात.

दारात काय बोलायचं याची आधी तालीम करा. साधारण असं होतं:

"काकू, नमस्कार. मंडळाकडून आलोय."

"गणपतीची दिली ना रे परवा?"

"हो, ती पोचली. ही वेगळी आहे, महिन्याला दोनशे. चौकातल्या अभ्यासिकेत आपण आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक बसवतोय."

"म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?"

"नाही काकू. कुणाला झोप लागत नाही, कुणाला घरी काही सांगता येत नाही, अशा पोरांशी बोलायचं शिक्षण घेतलेल्या ताई आहेत. लागलं तर त्या डॉक्टरांकडे पाठवतात."

"आमच्या धाकट्याचं पण हल्ली..."

इथे पावती पुस्तक मिटायचं. पैशाचा विषय त्या दिवसापुरता संपला. काकूंचं ऐकायचं, ताईंचे वार आणि वेळ सांगायची, १४४१६ लिहून द्यायचा आणि पुढच्या घरात याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ज्या कार्यकर्त्याला हे जमणार नाही त्याला फेरीला पाठवू नका. मांडवाच्या कामाला भरपूर हात लागतात.

दारात भीती घालून पैसे मागू नका. 'उद्या तुमच्या घरात असं झालं तर?' या वाक्यावर पाचशेची नोट निघते, हे खरं. पण ज्या घरात तसं झालेलं आहे आणि तुम्हाला माहीत नाही, तिथे ते वाक्य काय करतं याचा विचार करा. अशी घरं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत.

एकरकमी जमवायचे मार्ग पुष्कळ आहेत. नाटकाचा चॅरिटी प्रयोग पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात अजूनही चालतो. पण नाट्यगृहाचं भाडं, नाट्यसंस्थेची ठरलेली रक्कम, जाहिरात वजा करून काय उरतं ते आधी कागदावर मांडा. प्रयोग 'हाऊसफुल' आणि निधी शून्य असं होऊ शकतं. जाहिरातींची स्मरणिका आधी भरली तरच प्रयोग घ्या. दिवाळीच्या फराळाची विक्री त्यामानाने खात्रीची: बचत गटाला मजुरी ठरवून द्या, आगाऊ नोंदणी घ्या, नोंदवलं तेवढंच करा. मॅरेथॉन दिसायला छान, पण टी-शर्ट, पदकं, पाणी, रुग्णवाहिका यातच निम्मं जातं. चहाच्या टपरीवाल्याने, रिक्षा स्टँडने एक दिवसाची कमाई देणं हे मला सगळ्यात आवडतं. त्याला खर्च नाही आणि तो टपरीवाला पुढे समुपदेशनाचे वार सगळ्या पोरांना तोंडपाठ सांगतो. तिकिटं विकून सोडत काढू नका. बक्षिसासाठी तिकीट विकणं म्हणजे लॉटरी, आणि खासगी लॉटरीला कायद्याने मनाई आहे.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळाला तर उत्तम, मात्र तो घेणाऱ्या संस्थेची त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी लागते. मंडळाने स्वतः त्या वाटेला न जाता करार केलेल्या संस्थेला पुढे करावं.

क्लासवाल्यांची देणगी घ्यायची का? घ्या, पण लेखी अटीवर: कार्यक्रमाच्या ठिकाणी गुणवंतांचे फोटो लावायचे नाहीत. 'आमचे ७२० पैकी इतके' असं लिहिलेल्या फ्लेक्सखाली बसून कुठलंही पोर मन मोकळं करणार नाही. अट ऐकून जो देणगी मागे घेतो त्याचे आभार माना.

गेलेल्या मुलाच्या नावाने निधी

पुष्कळदा सुरुवातच इथून होते. मुलगा जातो, मित्र-नातेवाईक पंधरा दिवसांत स्मृतिनिधी सुरू करतात. भावना खरी असते, म्हणूनच सांभाळून.

घाई करू नका. आई-वडील पहिल्या काही महिन्यांत 'हो' म्हणतात त्याला संमती समजू नये. ते त्या दिवसांत सगळ्यालाच हो म्हणत असतात. वर्षश्राद्धानंतर पुन्हा विचारा, आणि आईला वेगळं, वडिलांना वेगळं विचारा. नाव द्यायचं ठरलं तर नाव द्या, पण मुलाचा मोठा फोटो, हार, 'अमर रहे' हे टाळा. त्याच वयाची, त्याच वर्गातली, आतून खचलेली मुलं ते बघत असतात, आणि मरणानंतर मिळणारा मान त्यांच्या मनात घर करू शकतो. एका मृत्यूनंतर त्याच शाळेत, त्याच वस्तीत दुसरा होण्याचा धोका वाढतो, हे जगभर दिसून आलेलं आहे. त्याच कारणासाठी शाळेत पुण्यतिथीचा कार्यक्रम नको.

कसं घडलं, कुठे घडलं, चिठ्ठीत काय होतं यातलं काहीही आवाहनात, भाषणात, देखाव्यात येता कामा नये. 'इंग्रजीचा पेपर अवघड गेला म्हणून' असं एकच कारण चिकटवू नका. कारणं जवळपास नेहमी अनेक असतात. वृत्तपत्रांसाठी भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये हेच नियम सांगितलेत, ते मंडळाच्या फ्लेक्सलाही तितकेच लागू समजा. गणपतीत या विषयावर हलता देखावा करायचा असेल तर साधनं आणि जागा सूचित करणारी एकही वस्तू मंचावर नको, मागून किंकाळी नको. त्याऐवजी खोलीत दार लावून बसलेला मुलगा, दार वाजवणारा मित्र, मग दोघं दवाखान्याच्या बाकावर, असं दाखवा. मार्ग काढलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकल्याने धोक्यातल्या माणसाला आधार मिळतो, याला अभ्यासाचा पाठिंबा आहे. शेवटच्या दृश्यात १४४१६ मोठ्या अक्षरात हवा, आणि देखाव्यापाशी दहाही दिवस माहीतगार माणूस बसलेला हवा, कारण गर्दी ओसरल्यावर कुणीतरी परत येतंच.

कार्यकर्त्यांची तयारी

निधीची फेरी सुरू होण्याआधी कार्यकर्त्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या, तज्ज्ञाकडूनच. चार गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत. कुणी 'जगण्यात अर्थ नाही' असं म्हणालं तर सरळ विचारायचं, "जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरवला जातो ही समजूत चुकीची आहे; उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवायचं, त्याच्यासोबत बसून १४४१६ लावायचा, धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा थेट जवळचं रुग्णालय. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधी द्यायचं नाही. आणि अठराच्या आतल्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अशा वेळी १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनची मदत घेता येते.

'पोलीस केस होईल' या भीतीने लोक दवाखाना टाळतात, त्याचंही उत्तर कार्यकर्त्याकडे असावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर येते. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, राहिलेलंच नाही. उरली आहे ती फक्त सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाची तरतूद.

कार्यकर्तेही विशी-पंचविशीचेच असतात. महिन्यातून एकदा त्यांनीही ताईंशी बोलावं, निधीतूनच. यावर कुणी आक्षेप घेतला तर इतिवृत्तात नोंद करा आणि तरीही करा.

वेळापत्रक

गुढीपाडव्याला ठराव, मे महिन्यात संस्थेशी करार, जूनमध्ये अर्ज आणि खातं. १० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन गणपतीच्या आगेमागे येतो. वर्गणीची जाहीर सुरुवात तेव्हा करा. दिवाळीत फराळ. समुपदेशक मात्र पहिले तीन महिन्यांचे पैसे जमताच बसवा, सगळा निधी पूर्ण होण्याची वाट बघू नका. काहीही झालं तरी जानेवारीच्या आत सेवा सुरू झालेली हवी, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा येतात आणि अनोळखी माणसाशी बोलायला मुलांना आधी एक-दोन महिने लागतात.

खोली निवडताना मंडळाचं ऑफिस नको. चौकातल्या सगळ्यांना कोण आत गेलं ते दिसतं. वाचनालयाच्या वरची, शिकवणीवर्गाच्या जिन्यातून जाणारी, जिथे पोराला 'पुस्तक बदलायला गेलो होतो' म्हणता येईल अशी जागा बघा.

हिशेब आणि अहवाल

दर तीन महिन्यांनी जमाखर्च सूचना फलकावर लावा. जमा किती, मानधन किती, शिल्लक किती. सेवेबद्दल लिहिताना समुपदेशनाचे तास, एकूण भेटी आणि पुढे पाठवलेल्यांची संख्या एवढंच द्या. 'बारावीतल्या एका विद्यार्थिनीला आपण वाचवलं' असं लिहिलं की वस्तीतल्या बायका संध्याकाळपर्यंत ती कोण ते शोधून काढतात, आणि मग दुसरी कुणी त्या जिन्याकडे फिरकत नाही. आकडा पाचाच्या आत असेल तर तोही देऊ नका. 'किती जीव वाचले' हा प्रश्न देणगीदार विचारतील; तो मोजता येत नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. समुपदेशकाच्या नोंदी मंडळाच्या कपाटात ठेवायच्या नाहीत, अध्यक्षांनाही दाखवायच्या नाहीत. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. वार्षिक हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्या आणि धर्मादाय कार्यालयाला सादर करा.

पहिल्या वर्षी मुलं कमी येतील. ताई रिकाम्या बसल्यात म्हणून बैठकीत कुरकुर सुरू होईल, 'हे पैसे सीसीटीव्हीला द्या' असं कुणीतरी म्हणेल. त्या वेळी ठराव बाहेर काढून वाचा, तीन वर्षं लिहिलेली आहेत.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पुढचं ठरवायचं. चालू ठेवायचं असेल तर नव्या वर्गणीदारांची फेरी तेव्हाच सुरू करा. बंद करायचं असेल तर किमान चार महिने आधी समुपदेशकांना सांगा, म्हणजे नियमित येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या स्वतः सोबत जाऊन जिल्हा रुग्णालयातल्या किंवा संस्थेतल्या नव्या माणसाशी जोडून देऊ शकतील. त्या फेऱ्यांच्या भाड्याची रक्कम शेवटच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात वेगळी काढून ठेवा. उरलेले पैसे ठरावाप्रमाणे त्याच कामाच्या संस्थेला धनादेशाने द्या, आणि तिची पावती सूचना फलकावर लावा.